झुंबर गिअरचं तेल बदलतो

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. त्याचं नाव झुंबर. निवृत्त शिक्षिका कुमुदबाई यांची वीस वर्षांची जुनी गाडी तो चालवायचा. गाडी अशी, की गिअर आपोआप पडायचे. झुंबरला वाटायचं, गाडीला आपली कणव येते.

बाईंना मोतीबिंदू झाला होता. समोरचा माणूस आवाजावरून ओळखायच्या. शनिवारी तालुक्याला ऑपरेशन होतं. तारीख चुकली तर पुढची थेट तीन महिन्यांनी. आणि नेमकी गाडी गिअर बदलताना हिसके द्यायला लागली.

"झुंबर, शनिवारच्या आत गाडी नीट झाली पाहिजे हो," बाई म्हणाल्या. त्यानं गाडी हसनमिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी गिअरच्या तेलात काडी घालून बघितली. तेल काळंकुट्ट.

"इतकं जुनं तेल एकदम सगळं काढायचं नसतं, झुंबरराव. गाडीला झेपत नाही. आज निम्मं बदलू, उरलेलं शुक्रवारी."

"बरं," झुंबर म्हणाला. डोक्यात पक्कं बसवलं.

घरी आला तर बाई म्हणाल्या, "हंड्यातलं पाणी शिळं झालंय रे. बदल."

झुंबरनं निम्मं ओतलं आणि वर ताजं भरलं. बाईंनी घोट घेतला नि तोंड वाकडं केलं. "वास कसला येतोय?"

"निम्मं जुनंच ठेवलंय, बाई. एकदम बदललं तर हंड्याला झेपायचं नाही."

"अरे देवा! सगळं ओतायचं, आतून घासायचं, मग भरायचं!"

"बरं," झुंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीत तेल कमी झालंय. घाल जरा."

झुंबरनं बरणी पालथी केली. काथ्यानं लख्ख घासली. काठोकाठ तेलानं भरली. दुपारी बाईंनी चमचा घातला. चमच्यात नुसतं तेल.

"अरे, फोडी कुठं गेल्या?"

"जुन्या होत्या, बाई."

बाईंनी चमचा आपटला. "वर्षाचं लोणचं रे माझं! तेल नुसतं वरून ओतायचं असतं! बोटभर वर येईपर्यंत!"

"बरं," झुंबर म्हणाला.

शुक्रवारी मिस्त्रींनी पुन्हा निम्मं तेल काढलं. "नवं ओतायला घे, मी चहा पिऊन आलोच," म्हणाले. झुंबरनं ओतलं. एक डबा, दोन डबे, तीन डबे. नळीतून तेल वर आलं, इंजिनावरून खाली पाझरलं, तरी तो थांबेना. मिस्त्री धावत आले.

"अरे, काय करतोस हे!"

"बोटभर वर यायचंय अजून."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. जास्तीचं तेल काढलं नि दम भरला, "नीट ऐक. आधी गाडी फिरवून आणायची. चांगली तापली की चालू ठेवूनच तेल किती आहे ते बघायचं. थंड असताना बघितलं की खोटं दाखवतं!"

"बरं," झुंबर म्हणाला.

शनिवारी गाडी लोण्यासारखी चालली. एक हिसका नाही. नऊच्या ठोक्याला दवाखान्यात. बाईंनी झुंबरच्या पाठीवर हात ठेवला. "जिंकलास बघ." झुंबरला रडूच यायला लागलं.

नर्स म्हणाली, "दादा, आजींना समोरच्या खोलीत आणा. बीपी बघायचंय."

झुंबर दचकला. बघायचंय? अशा थंड असताना?

त्यानं बाईंचा हात धरला. तीन जिने चढवले. तीन उतरवले. पुन्हा चढवले. बाईंना धड दिसत नव्हतं, त्या धापा टाकत मागं येत राहिल्या.

"अरे, किती लांब आहे ती खोली?"

"आलीच, बाई. हात गार आहेत तुमचे अजून."

शेवटी हात तापले. झुंबरनं बाईंना खाली आणून खोलीत बसवलं. नर्सनं पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर म्हणाले, "बापरे! इतक्या बीपीला ऑपरेशन नाही करता येत. आता तीन महिन्यांनी या."

बाईंनी चाचपडत दंडावरचा पट्टा सोडला. झुंबर मात्र घाईघाईनं डॉक्टरांकडे वळला.

"साहेब, तीन महिन्यांनी यायच्या दिवशी पुरेसे तापवून आणतो. आज घाईत दोन जिने कमी पडले."