न पाहिलेली गाठ

"पण भंतेजी, आकडा तर खरा होता ना? मग माझं चुकलं कुठं?"

भंते धम्मसार विहाराच्या ओट्यावर बसून फाटल्या चीवराला टाके घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कसला आकडा?"

विचारणारा हर्षल ढोके. दवाखान्यात कोडिंगला बसायचा. म्हणजे डॉक्टरनं कागदावर जे लिहिलं, त्याला ठरलेला नंबर लावायचा. पुढं विमावाले, नोकरीवाले तोच वाचतात. काम एवढंच. पण गडी हुशार, आणि हुशारीची खाज वाईट.

"अस्मिता वासनिक म्हणून पोरगी आहे. तिच्या रक्तात एक हार्मोन वाढलेलं आलं. आकडा चांगलाच वर गेलेला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वाढलंय, पुन्हा तपासा. एवढंच लिहिलं त्यांनी."

"आणि तू?"

"मी... मेंदूतल्या गाठीचा नंबर लावला. अशात बहुतेकदा गाठच निघते, भंतेजी. इतकी वर्षं तेच बघतोय."

"निघाली?"

हर्षल पायाचा अंगठा फरशीवर घासत राहिला.

"नाही. ॲसिडिटीची गोळी खात होती, त्या गोळीनं वाढलेलं. गोळी बंद केली, उतरलं."

"मग बरं झालं."

"कसलं बरं! कारखान्यात नोकरी ठरली होती तिची. त्यांनी दवाखान्याचा कागद मागवला, गाठ वाचली, नाही म्हणाले. तेव्हापासून पोरीनं धसका घेतलाय. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दाखवला, तर म्हणते, माझ्यापासून लपवताय. जेवण सोडलंय. भिंतीकडं तोंड करून पडून असते. काल तिची आई दवाखान्यात आली. ज्याच्या त्याच्या पाया पडत होती... गाठ कुणी पाहिली, तेवढं सांगा म्हणून."

"सांगितलंस?"

हर्षलनं ओट्याखालची चप्पल सरळ केली.

"सांगितलंस का, उपासका?"

"नोकरी जाईल, भंतेजी."

"हं."

सुई तेवढी कापडात जात-येत होती.

हर्षलला वाटलं होतं, म्हातारा पाठीवरून हात फिरवेल, दोन शब्द मायेचे बोलेल, की आपण मोकळे. त्यासाठीच तर एवढ्या उन्हात आला होता. शब्द काही आले नाहीत. हुंदका मात्र आला. डोळे भरले, गालांवर ओघळले.

"बघा भंतेजी," तो म्हणाला, "पश्चात्तापानं जीव जळतोय माझा."

भंतेंनी सुई चीवरात टोचून ठेवली. बोटानं त्याच्या गालावरचा थेंब टिपला. उजेडात धरून पाहिला.

"पाणी आहे."

"पश्चात्ताप आहे, भंतेजी!"

"पाणी आहे," भंते म्हणाले. "तिच्या दारात जा. गाठ कुणी पाहिलीच नव्हती, मीच लिहिली, असं सांग. तिथं हे पाणी पुन्हा आलं, तर मग त्याला नाव देऊ."