पोर्ट आणि पान

“मग फायरवॉलच बंद करून टाकू का, बाबा?”

निरंजनबाबा वाल सोलत होते. मान वर न करता म्हणाले, “कर. उद्या मठाचं दारही काढून ठेवू.”

सुमेध पुन्हा संगणकाकडे वळला. पुण्याची इंजिनिअरची नोकरी सोडून तो गुरूच्या शोधात निघाला होता. चार वर्षांत हा तिसरा मठ. इथेही मन रमेना, म्हणून पिशवी भरून ठेवली होती. दुपारची एसटी पकडायची होती. अडकला होता तो या एका कामापायी.

मठातल्या जुन्या पोथ्या स्कॅन करून एका लिनक्स सर्व्हरवर ठेवल्या होत्या. आतल्या खोलीत गंगूताई आपल्या संगणकावर त्या उघडून, अक्षर मोठं करून नकलून घेत. वय ऐंशी, नजर दिवसेंदिवस अधू होत चाललेली. आज पुन्हा त्यांच्या पडद्यावर पोथी येईना.

“काल तर चालू होतं,” बाबा म्हणाले.

“काल कोणती सेवा, म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्राम, कुठल्या पोर्टवर बसलीय ते बघून फायरवॉलच्या भिंतीत तेवढी पोर्टं उघडली होती.”

“पोर्ट म्हणजे दारच ना?”

“दारच. सकाळी वीज गेली, सर्व्हर परत चालू झाला, आणि दोन सेवा भलत्याच दारात जाऊन बसल्या! मुख्य सेवेची जागा ठरलेली आहे. या दोघी मात्र दर वेळी मिळेल तिथे बसतात.”

“मग?”

“मग मी परत शोधतो, परत उघडतो.”

“आणि कालची दारं?”

“...उघडीच आहेत.”

पंगतीची घंटा झाली. वाढायची पाळी सुमेधची होती. बाबांचं पान वर्षानुवर्षं तिसऱ्या खांबापाशी. त्याने त्यांची बिनमिठाची भाजी तिथे नेली, तर बाबा दाराशी बसलेले. तो दाराशी पोचेपर्यंत बाबा उठून पार टोकाला जाऊन बसले. भाजी निवली. पंगतीत खसखस पिकली.

“बाबा, एका जागी बसा ना!” सुमेध वैतागला. “मग डोळे मिटूनसुद्धा वाढीन!”

बाबांनी हसून पान पुढे सरकवलं.

सुमेधच्या हातातला डाव तसाच राहिला. मग भांडं तिथेच ठेवून तो धावत सुटला.

दोन्ही सेवांना त्याने सेटिंगच्या फाइलीत एकेक कायमचं पोर्ट नेमून दिलं. फायरवॉलमध्ये नेमलेली तेवढी उघडली, कालपरवाची फालतू सगळी बंद केली. मग मुद्दाम सर्व्हर बंद करून चालू केला. एकदा. दोनदा.

“आली रे आली!” आतून गंगूताई ओरडल्या. “ओळ न् ओळ दिसतेय!”

इतका आनंद त्याला नोकरीत कधी झाला नव्हता.

तो परतला तेव्हा पंगत उठली होती. पिशवी खांद्याला लावून त्याने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“काम झालं, बाबा. निघतो. तीन मठ झाले... कुठेच काही मिळालं नाही. पुढच्या ठिकाणी तरी मिळू दे, असा आशीर्वाद द्या.”

बाबांनी भाजीचं भांडं उचललं. डाव भरून घेतला... आणि थांबले.

“तुझं पान कुठे मांडू, सुमेध?”