भिवरेच्या शिंकाळ्याची कहाणी

ऐक शितळाई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. डुलक्या आत्ताच काढू नका, ह्या कहाणीत पुढं एक डुलकी आहे, ती सगळ्या मिळून काढू.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथली दुपार फार लांब असे. सावल्या परसात आडव्या होऊन घोरत, नदी वळणावर येऊन पेंगत असे, आणि देवळाची घंटा वाजवायला गेलेला माणूस घंटेखालीच निजून जाई. त्या नगरात गल्लीच्या टोकाला भिवराबाईचं घर. घरात कोण कोण? नवरा रखमाजी, पोटुशी सून सगुणा. लेक परमुलखी चाकरीला. आणि आढ्याच्या कडीला टांगलेलं एक शिंकाळं. शिंकाळ्याचा मान नवऱ्याहून मोठा. हसता काय? तुमच्या घरी वेगळं आहे होय?

भिवरा मोठी काटकसरीची. दोडका सोलला, गर भाजीला, शिरा चटणीला. तांदूळ धुतले, पाणी भोपळ्याच्या वेलाला. लोण्याचं भांडं विसळलं, ते पाणी कढीला. काही म्हणता काही वाया जात नसे. तिच्या दारचा उकिरडा उपासानं वाळला होता, आणि वेल मात्र छपरावर चढून शेजारच्या घरात डोकावत होता. हा गुण झाला. गुणाला कोण नाव ठेवील?

पण गुणात एक गाठ बसली होती. ती कशी बसली? भिवरा नवरी होऊन आली, तेव्हा सासूनं तिला शिंकाळ्याखाली उभी केली. म्हणाली, “सूनबाई, तीन गोष्टी ध्यानात धर. चूल थंड पाहू नये. अन्न टाकू नये. शिंकाळं रिकामं पाहू नये.” एवढं सांगून सासू यथावकाश देवाघरी गेली. भिवरेनं पदराला तीन गाठी मारल्या.

मग एका संक्रांतीला पाहुणे यायचे होते. भिवरेनं बाजरीच्या भाकऱ्यांची ही चवड थापली. पाहुणे आले नाहीत. पाहुण्यांची जातच तशी, पीठ मळलं की येत नाहीत आणि डबा खडखडला की सात येतात. भाकऱ्या शिंकाळ्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी चूल थंड पाहायची नाही, म्हणून भिवरेनं ताज्या थापल्या. अन्न टाकायचं नाही, म्हणून आधी शिळ्या वाढल्या. ताज्या शिंकाळ्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या शिळ्या झाल्या, मग त्या वाढल्या, आणि तिसऱ्या दिवशीच्या ताज्या वर गेल्या. असा एक दिवस गेला, एक महिना गेला, तीन वर्षं गेली. रोज चूल पेटे, रोज भाकरी फुगे, रोज वास दरवळे, आणि रोज घर कालचं जेवी. पालेभाजी आज खुडायची, मान टाकली की उद्या शिजवायची. नागपंचमीला तव्याला सुट्टी, म्हणून दिंडं उकडली, तीही दुसऱ्या दिवशी खाल्ली.

रखमाजी म्हणायचा, “अगं, मी नाकानं आजचं जेवतो अन् तोंडानं कालचं.”

भिवरा म्हणायची, “दोनदा जेवता की! नशीब समजा.”

रखमाजी गप्प बसायचा. नवरे गप्प बसले की बायांना वाटतं पटलं. तसं काही नसतं हो.

चैत्र आला. सगुणेला तिसरा महिना लागला. दुपारच्या वेळी दारात खुरांचा आवाज झाला. भिवरा बाहेर पाहते तो एक म्हातारी. केस कापसासारखे, हातात केरसुणी, बूड गाढवावर. म्हणाली, “भिवरे, एक ताजी भाकर घाल गं.”

भिवरा म्हणाली, “आजीबाई, आमच्या घरी आधी शिळं, मग ताजं. ही घ्या कालची.”

म्हातारीनं ती गाढवापुढं धरली. गाढवानं हुंगली आणि तोंड फिरवलं. म्हातारी म्हणाली, “माझं गाढव अडाणी आहे, बाई. तुझ्या घरची माणसं शिकलेली.” आणि निघून गेली.

आतून सगुणा म्हणाली, “सासूबाई, मला तरी एक चतकोर गरम द्या. वासानं जीव गोळा होतो.”

“अगं, उद्या हीच तुला वाढणार आहे. पळून जातेय का?”

मग ज्येष्ठ आला. सगुणेला पाचवा लागला. घरात आंब्यांची अढी. डागाळलेला आंबा आधी खायचा, हा नेम. तो खाईतो दुसऱ्याला डाग पडे. सगळी अढी अशी डागाडागानं संपत चालली होती. पुन्हा खुरं वाजली. म्हातारी म्हणाली, “भिवरे, एक धडका आंबा दे गं.”

“आजीबाई, आधी डागाचा, मग धडका. हा घ्या.”

गाढवानं हुंगला, शिंकलं, आणि तोंड फिरवलं. म्हातारी हसली, दात नव्हते तरी दिसेल एवढं हसली, आणि निघून गेली.

तोच आंबा मग सगुणेच्या वाट्याला आला. तिनं तोही परत टोपलीत ठेवला. तिला आता कशाचीच वासना होईना. गाल बसले, पाय सुजले. वैद्यबुवा आले, नाडी धरून इतका वेळ बसले की त्यांचाच डोळा लागला. जागे झाल्यावर म्हणाले, “पोटातलं पोर वाढत नाही. काढे मी देईन, पण तेही ह्या घरात उद्याच प्याल. हिला गरम घास द्या, हिरवा पाला द्या, नाहीतर हातचं जाईल.”

भिवरेचं सुनेवर प्रेम नव्हतं असं नाही. सून म्हणजे कडेवरचं लेकरूच. पण आज ताजं वाढायचं, तर शिंकाळ्यातलं कालचं टाकायचं? टाकलं तर दुसरी गाठ सुटते. चूल बंद ठेवावी, तर पहिली सुटते. भिवरा गाठी चाचपत राहिली आणि सून वाळत राहिली.

मग श्रावण आला. सगुणेला सातवा लागला. शुद्ध षष्ठीचा दिवस. उद्या शिळासप्तमी. त्या दिवशी शितळाईचा मान, चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं खायचं. बायांनो, तुम्ही विचाराल, मग त्या सप्तमीलाच ही गाठ सुटत का नव्हती? चूल निजली, कालचं संपलं, अष्टमीला आपसूक ताजं! भोळ्या गं तुम्ही. भिवरा षष्ठीला दुप्पट थापायची. एक चवड सप्तमीला, एक अष्टमीला. का? शिंकाळं रिकामं पाहू नये.

त्याही षष्ठीला तिनं दोन चवडी थापल्या. चूल विझत आली. बाहेर ऊन-सावलीचा खेळ, छपरावर भोपळ्याची फुलं, आत राखेची ऊब. भिवरेनं भिंतीला पाठ टेकली. डोळा लागला. ही ती डुलकी बरं का, आता काढा.

मग भिवरा चालू लागली. चालता चालता एका नगरात आली. आपलंच नगर, पण सगळं कालचं. आकाशात कालचा सूर्य, कडेनं थोडा वाळलेला. झाडावर पाखरू बसलेलं, कालचं गाणं गात होतं, तेही मधेच विसरत होतं. नदीत कालचं पाणी, तळ्यासारखं उभं. लोक भेटत, कालचं बोलत. “कशी आहेस?” म्हणावं, तर परवाच्या प्रश्नाचं उत्तर देत. भिवरा आपल्या घराशी आली. आढ्याला शिंकाळं हळूहळू झुलत होतं, आणि त्यात भाकरी नव्हती. त्यात एक पोर होतं. इवलंसं. खुडून ठेवलेल्या मेथीसारखं मान टाकलेलं. केस पांढरे.

खाली म्हातारी बसली होती. गाढव वेलाची पानं खात होतं.

“हे कुणाचं पोर?” भिवरेनं विचारलं.

“तुझी नात. घे की.”

“ही अशी कशी झाली?”

“कालची आहे ना. तुझ्यासाठी उतरवून ठेवली होती.”

“आजीबाई, मला आजची द्या हो! रडणारी द्या, लाल द्या, मुठी आवळलेली द्या!”

म्हातारी गोड हसली. म्हणाली, “आधी शिळं, मग ताजं.”

भिवरा किंचाळली आणि जागी झाली. दारात खुरं वाजत होती.

दारात तीच म्हातारी. भिवरा उठली, अख्खी एक चवड उचलली, वाफा निघत होत्या, वर आळूची पातळ भाजी वाढली आणि धावत गेली. “आजीबाई, ताजी घ्या, ताजी!” गाढवानं हुंगली. कान हलवले. एक खाल्ली, दोन खाल्ल्या, चवड फस्त केली आणि भिवरेचा पदर चाटला. तीन गाठी त्याच्या लाळेनं ओल्या झाल्या.

म्हातारी म्हणाली, “भिवरे, वर्षात माझा दिवस एक. तू तीन वर्षं रोज माझी सप्तमी केलीस. मलाही कंटाळा येतो गं! माझी आवड म्हणून मी शिळं खाते, आणि तू माझ्या नावावर सून वाळवतेस?”

भिवरेनं पाय धरले. हात थंडगार झाले. तिनं ओळखलं, ही तर शितळाई. म्हणाली, “आई, अन्न टाकू का?”

“मी कुठं म्हटलं टाक? तुझा उकिरडा उपाशीच राहू दे. उद्या माझा दिवस, चूल निजू दे, ही उरलेली चवड दह्याशी गोडीनं खा. परवा शिंकाळं रिकामं दिसेल. त्याला भिऊ नको. त्याच्याखाली बसून भाकर थाप, आणि पहिली सुनेला घाल.”

“आणि पुढं, आई?”

“पुढं मी सांगते तो वसा घे. पीठ घेण्याआधी घरात प्रत्येकाचं पोट विचारावं. विचारलं तेवढंच थापावं. दुपारचं ताट ताजं असावं, त्यात काही हिरवं असावं. तरी उरलं, तर सकाळी कांदा-फोडणी देऊन कुस्करावं, न्याहारीला सगळ्यांनी वाटून खावं. सुनेला शिळं आणि नवऱ्याला ताजं, असं करू नये. उतून मोजायला विसरू नये, मोजता मोजता वाढायला विसरू नये.” इतकं बोलून म्हातारी वळली. गल्लीच्या टोकाला ऊन होतं, त्या उन्हात गाढव विरघळलं.

सप्तमी आली. चूल निजली. सगळ्यांनी शिळं खाल्लं, पण त्या दिवशी ते प्रसादासारखं लागलं. संध्याकाळी भिवरेचा हात सवयीनं वर गेला. एक चतकोर गुपचूप शिंकाळ्यात पडला. बाहेर कुठंतरी गाढव ओरडलं. भिवरेनं तो चतकोर झटकन काढला आणि आपल्याच तोंडात कोंबला.

मग अष्टमी उजाडली. शिंकाळं रिकामं. वाऱ्यानं हलकं हलकं झुलत होतं. भिवरा त्याच्याखाली परात घेऊन बसली. तिनं विचारलं, “सगुणे, तुझं पोट किती?”

तीन वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता. सगुणेला रडू आलं. म्हणाली, “दीड.”

रखमाजी ओसरीवरून ओरडला, “माझं चार!”

“तुम्हाला कुणी विचारलं? थांबा जरा, तुमचीही पाळी येईल.”

भाकरी तव्यावर गेली, निखाऱ्यावर गेली, टम्म फुगली. भिवरेनं ती तापलेलीच सुनेच्या ताटात टाकली. वर लोण्याचा गोळा, कडेला भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी, तांदळाच्या धुवणावर वाढलेल्या वेलाची, आणि दोडक्याच्या शिरांची चटणी. सगुणेनं घास मोडला. वाफ तिच्या तोंडावर आली, ती हसली. दीड म्हणाली होती, अडीच खाल्ल्या. भिवरेनं पुन्हा पीठ घेतलं आणि एक शब्द बोलली नाही. बायांनो, ह्यालाच चमत्कार म्हणतात.

श्रावण गेला, भाद्रपद गेला, आश्विन गेला. सगुणेचे गाल भरले. कार्तिकात नऊ महिने नऊ दिवस भरले, आणि एके सकाळी घरात रडणं उठलं. लालबुंद पोरगी, मुठी आवळलेली, सगळी गल्ली जागी होईल एवढा आवाज. भिवरेनं तिला उचललं आणि आधी केस पाहिले. काळेभोर होते.

बाराव्या दिवशी पाळणा बांधायला कडी शोधू लागले. आढ्याला कडी एकच. भिवरेनं स्वतःच्या हातानं शिंकाळं उतरवलं, चुलीमागच्या खुंटीला अडकवलं, तिथं न्याहारीपुरतंच मावतं. कडीला पाळणा टांगला. मग भिवरा त्याच्याखाली बसली आणि भाकऱ्या थापू लागली. वर आजचं पोर झुलत होतं, खाली आजची भाकर फुगत होती, आणि दुपार परसात लांब लांब होत गेली.

जशी शितळाई भिवरेवर हसली, तशी तुम्हांआम्हांवर हसो. कुणाचा उकिरडा माजू नये, कुणाचं ताट वाळू नये. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा घासांत संपली, गरम गरम सुफळ झाली. आता उठा, घरी जा, आणि शिंकाळ्यात काय लपवलंय ते आजच पाहा.