घरट्यातला काजवा

फार पूर्वी विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांचं कुटुंब राहायचं. बाबा रोज संध्याकाळी घरट्यात ओल्या मातीने काजवा चिकटवायचे. पिल्लं चोचीतला घास तसाच धरून त्याच्याकडे टक लावून बसायची, झोपेचं नाव नाही. शेवटी आईने नियम केला, "घुबड घुमलं की काजवा सोडून द्यायचा."

पिल्लं रुसली, पण ऐकू लागली.

एकदा घुबड घुमलं, तरी बाबाच काजव्यासमोरून हलेनात.

"बाबा, घुबड घुमलं," धाकटी चिवी म्हणाली.

"मोठ्यांना कसला गं नियम?"

"आईने नियम सगळ्या घरट्याला केलाय."

बाबांनी माती उकरून काजवा सोडला. सकाळी मात्र ते मान ताठ करून अख्ख्या बाभळीला सांगत होते, "काल आमच्या चिवीने मला दटावलं."