साहेबाचं यंत्र आणि म्हाळसाची कोकरं

ऐका गं, नाक वर करून आलेल्या एका साहेबाची फजिती सांगते.

माळावरच्या शाळेत एआय शिकवायचा वर्ग निघाला. टिपणीस साहेब नावं लिहायला आला, कडक इस्त्रीत, जसं काही लगीनच होतं त्याचं! धनगराची म्हाळसा पुढं झाली, तर म्हणतो कसा, "तू नको. मेंढरं वळणारीला यातलं काय कळणार?"

म्हाळसाच्या अंगाची नुसती आग झाली. पण पोरगी बेरकी. गोड आवाजात म्हणाली, "साहेब, तुमच्या यंत्राला सगळं कळतं?"

"सगळं!"

"मग चला आमच्या मेंढवाड्यावर."

सांजेला मेंढरं चरून आली, तशी म्हाळसानं जाळीच्या कुंपणात कोंडलेली चाळीस कोकरं सोडली. "विचारा यंत्राला, कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं?"

साहेबानं फोनमधलं एआय चालू करून कोकरांवर धरलं. फोन म्हणाला, "मेंढी." इकडं फिरवला, "मेंढी." तिकडं फिरवला, "मेंढी!" तोवर म्हाळसानं एकेक कोकरू आपापल्या आईला लावलंसुद्धा. परक्या कोकराला मेंढी ढुशी देऊन हाकलते, पण एकाही मेंढीनं ढुशी दिली नाही.

साहेब घाम पुसत म्हणाला, "अगं, त्याला हे कुणी शिकवलंच नाही. जाणत्या माणसानं दाखवलं की ते शिकतं."

"असं होय! म्हणजे जिच्याकडनं यंत्रानं शिकायचं, तिलाच तुम्ही वर्गातनं हाकलताय?"

साहेबानं तिचं नाव लिहायला पेन काढलं.

"माझं एकटीचं नका लिहू," म्हाळसा कडाडली. "मागं आमच्या वाड्यावरच्या सहा पोरी उभ्या आहेत. कोकरं त्यापण ओळखतात."