पट्टी बोलण्याआधी

आबासाहेबांच्या मेथीवरून औषध फवारल्याचा वास सगुणाला सकाळीच आला होता. सेंद्रिय शेती करणाऱ्या गटाचा रिवाजच असा, की शेजाऱ्याने शेत तपासायचं आणि औषध मारलेलं नाही म्हणून सही करायची. आबांची शेजारीण तीच. आणि तिच्या वाफ्यांना पाणी मिळायचं तेही आबांच्याच विहिरीचं.

सगळा गट बांधावर जमला. सगुणाने मेथीची जुडी पाण्यात खळबळली आणि त्या पाण्यात जैवसंवेदकाची पट्टी बुडवली. औषधाचा अंश असला की पट्टी लाल व्हायची, पण त्याला थोडा वेळ लागायचा.

"या कपट्यावरून माझी पारख करणार?" आबा म्हणाले. "पट्टी खोटं बोलते. माझी मेथी पोटच्या पोरासारखी वाढवलीय. सही कर, सगुणे, नाहीतर उद्यापासून पाण्याचं तुझं तू बघ."

सगुणाने पट्टी होती तशीच पाण्यात सोडली.

"करते सही. पट्टीचं राहू द्या," ती म्हणाली. मग तिने आबांच्या त्याच वाफ्यातली जुडीभर मेथी उपटली, मुठीत घट्ट धरली आणि झाडाखाली बांधलेल्या आबांच्या लाडक्या शर्यतीच्या बैलापुढे नेली. बैलाने मान लांबवली.

"अगं, थांब, त्याला नको देऊ," म्हणत आबा धावले. जुडी हिसकावून त्यांनी लांब भिरकावली.

सगुणा आबांकडे वळली. "पट्टी खोटं बोलते, मान्य. पण ती अजून बोललीच नाही, आबा. तुम्हीच बोललात."