शून्य की एक

"…आणि चुकलं तर?" भंतेंनी विचारलं.

"कोण, मी?" सुगत हसला. "भंते, पुण्यात दोनशे मशिनं माझ्या एकट्याच्या जिवावर चालायची. हार्ड डिस्क बसवणं म्हणजे आमच्याकडे बल्ब बदलल्यासारखं आहे."

भंतेंनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे काढलेले स्क्रू तळहातावर घेतले आणि मूठ मिटली.

सुगत खोब्रागडे चौतीस वर्षांचा. चांगली नोकरी सोडून चार महिन्यांपूर्वी भंडारा जिल्ह्यातल्या या विहारात येऊन राहिला होता. पहाटे उठायचा, झाडायचा, ध्यानाला बसायचा. सगळं मनापासून. पण अंगण झाडून झालं की एकदा मान वर करून बघायचा, कुणी पाहिलं की नाही.

पावसाळ्याचे तीन महिने, म्हणजे वर्षावास, संपताना भिक्खूचं चीवर मिळावं, एवढी एकच इच्छा होती त्याची. भंते विनयबोधींना तीनदा विचारून झालं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "अजून वेळ आहे."

कशाला वेळ, हे मात्र ते सांगत नव्हते.

आणि आता हे मशिनाचं काम आलं होतं. सुगतला बरंच वाटलं. निदान एका कामात तरी आपल्याला परीक्षा द्यावी लागणार नाही, असं त्याच्या मनात होतं.

विहाराच्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर होता, आणि त्यात माणसांचे आवाज होते. भंते नऊ वर्षं गावोगाव हिंडले होते. म्हाताऱ्या माणसांसमोर मोबाईल ठेवायचा आणि त्यांना बोलू द्यायचं, गाऊ द्यायचं. अशी एकाहत्तर माणसं झाली. त्यातली निम्म्याहून जास्त आता हयात नव्हती.

आठ दिवसांपूर्वी मशीन बंद पडलं. स्क्रीन काळी, आतून नुसती खरखर. आवाजांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. हे ऐकून सुगतनं कपाळाला हात लावला होता.

नागपूरच्या एका उपासकानं बंद झालेल्या ऑफिसातली एक वापरलेली डिस्क दान दिली. तीच कंपनी, तेवढीच क्षमता, वरचं लेबलसुद्धा तसंच.

"हे बघा भंते," सुगत समजावून सांगू लागला. "आवाज जुन्या डिस्कवर शाबूत असणार. फक्त मशीन सुरू करणारा भाग खराब झालाय. म्हणून ही दानाची डिस्क शेजारी बसवायची. ती पुसून कोरी करायची, तिच्यावर नवी सिस्टिम टाकायची. मशीन तिच्यावर सुरू झालं की जुनीवरचे आवाज काढून घ्यायचे."

"म्हणजे एक पुसायची, एक ठेवायची."

"हो."

"दोन्ही सारख्या दिसतात."

"दिसू देत. दिसण्यावर कोण जातंय?"

दाराशी पंचफुलाबाई बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या. सकाळच्या पहिल्या बसनं आल्या होत्या आणि पिशवी मांडीवर घेऊन तेव्हापासून बसून होत्या. त्यांची थोरली बहीण गयाबाई गेल्या वर्षी वारली. आज तिच्या स्मरणाचा कार्यक्रम, पुण्यानुमोदन. चार वाजता माणसं जमणार होती, आणि गयाबाईंनी म्हटलेलं जात्यावरचं गाणं तिथं ऐकवायचं ठरलं होतं.

"होईल ना जी, भंतेजी?" त्यांनी दोनदा विचारलं होतं.

दोन्ही वेळा उत्तर सुगतनंच दिलं होतं. "होईल मावशी. निवांत बसा."

काम सुरू झालं. कॅबिनेटचं झाकण निघालं तसा धुळीचा लोट आला. सुगतनं ब्रशनं आतलं झाडून घेतलं आणि दानाची डिस्क खालच्या खणात सरकवून तिची वायर लावली.

हात चालत होते तसं तोंडही चालत होतं. पुण्याच्या कंपनीत एकदा भर दुपारी सगळं कसं ठप्प झालं होतं, साहेब लोकांची कशी पळापळ झाली होती आणि शेवटी सुगतलाच कसं सुट्टीवरून बोलावून आणलं होतं, ते तो सांगत होता. मागचा स्क्रू बसेना, जुन्या डिस्कची वायर आड येत होती. त्यानं दोन्ही वायरी उपसल्या, स्क्रू पिळला, वायरी परत लावल्या. गोष्ट काही थांबली नाही.

गोष्ट संपल्यावर भंते म्हणाले, "जुनीची वायर काढून ठेव ना तोवर. ती पुसायची नाही, तर पुसताना ती आत कशाला हवी?"

"ते नवशिके करतात, भंते. ज्यांना आपल्या हाताचा भरवसा नसतो ते."

"मीही करायचो. रेल्वेत सिग्नल खात्यात होतो तेव्हा. ज्याला हात लावायचा नाही, त्याची वायर आधी काढून ठेवायची आणि मग कामाला लागायचं."

"सुरुवातीला करत असाल."

"एकतीस वर्षं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत."

एवढ्या वर्षांत माणसाला आपल्या हाताचा भरवसा येऊ नये, याची सुगतला मनातून थोडी कीवच आली.

"रेल्वेचं वेगळं असतं," तो म्हणाला.

"असेल," भंते म्हणाले आणि जेवायला उठले. बाराच्या आत जेवण उरकायचा त्यांचा नेम. परत आले तेव्हा पेनड्राइव्हवरून मशीन चालू झालं होतं. सुगत खुर्चीत रेलून बसला होता.

स्क्रीनवर दोन डिस्कांच्या दोन ओळी होत्या. एकीच्या आधी शून्य, दुसरीच्या आधी एक. आकडे तेवढेच, नाव तेच. खाली पुसून टाकण्याचं बटण.

"झालं बघा. आता एक नंबरची पुसली की संपलं."

"एक नंबरची दानाची?"

"हो. आतल्या सॉकेटवर नंबर असतात, शून्य आणि एक. जुनी पहिल्यापासून शून्यावर होती. दानाची मी एकवर लावली."

"आठवतं तुला?"

"भंते…" सुगतचा आवाज जरा चढला. "मीच लावली ना? तासही झाला नाही."

भंते स्क्रीनकडे बघत उभे राहिले… मग दाराशी गेले आणि पंचफुलाबाईंना आत बोलावलं.

बाई आल्या. भंतेंनी स्टूल पुढं केलं, त्या अवघडून टेकल्या.

"बाई, ह्या दोन ओळी म्हणजे दोन डिस्का. गयाबाईंचा आवाज त्यातल्या एकीवर आहे. दुसरी पुसायची. एकदा पुसली की परत काही येत नाही. सुगत म्हणतो, एक नंबरची पुसू. बहीण तुमची. तुम्ही सांगा, पुसू द्यायची?"

सुगतची कानशिलं तापली. "त्यांना काय विचारता, भंते? त्यांना यातलं काय कळणार?"

"खरं हाय त्याचं," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांना काही राग आला नव्हता. "मले का समजते त्यातलं." त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, सुगतच्या तोंडाकडे पाहिलं. "तुले समजते ना, बाबू?"

"हो, मावशी."

"मंग दाब. गया गेली तवापासून रोज आठवत बसते मी. तोंड आठवते तिचं, हात आठवतेत. आवाज काही आठवत नाही. आता तो याच्यातच हाय म्हणतेत. तू शिकलेला हायस, तुह्या भरवशावर हाय मी. दाब."

सुगतनं माऊसवर बोट ठेवलं.

बोट दाबेना.

पुण्यात त्यानं अशी बटणं हजारदा दाबली होती. पण तिथं प्रत्येक डिस्कच्या मागं तिची दुसरी प्रत असायची, दुसरीच्या मागं तिसरी, आणि तीही गेली तर दुसऱ्या शहरात चौथी. तिथं चूक झाली तरी चूक ठरत नव्हती. मागं काहीच नाही असं बटण त्यानं जन्मात दाबलं नव्हतं. इथं मागं होती ती स्टुलावर बसलेली ही बाई, आणि ती म्हणत होती, दाब.

त्यानं बोट उचललं.

स्क्रू बसत नव्हता… आपण दोन्ही वायरी काढल्या होत्या… आणि मग?

त्या क्षणी आपण बोलत होतो, एवढंच त्याला आठवलं. साहेबांची पळापळ कशी झाली ते.

त्यानं मशीन बंद केलं, पिन काढली आणि टॉर्च घेऊन जमिनीवर पालथा झाला. एक नंबरच्या सॉकेटमधून निघालेली वायर बोटानं धरली आणि पुढं पुढं सरकत गेला. वळसा घेऊन ती वरच्या खणात जात होती.

जुन्या डिस्कला.

त्यानं परत सुरुवातीपासून बोट फिरवलं. मग उलट बाजूनं, वरच्या खणापासून सॉकेटपर्यंत. वायर तीच होती.

हे कुणालाच दिसलं नव्हतं. भंते खिडकीशी पाठमोरे उभे होते. पंचफुलाबाई समोरच्या बुद्धमूर्तीकडे बघत बसल्या होत्या. दोन वायरी अदलाबदल करायला किती वेळ लागतो? आणि "वायर जरा सैल होती" असं म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ते वाक्य अगदी त्याच्या ओठावर आलं होतं.

तो थोडा वेळ तसाच पडून राहिला. धुळीनं नाक चोंदलं होतं. त्याला लाज वाटत होती, आणि ही लाज लपवता येईल हे कळत होतं म्हणून जास्तच वाटत होती.

मग उठून बसला.

"मावशी," तो म्हणाला, "मी उलट लावल्या होत्या. मघाशी दाबलं असतं तर गयामावशींचा आवाज गेला असता. सगळ्यांचेच गेले असते."

पंचफुलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मांडीवरची पिशवी त्यांनी पोटाशी ओढून घेतली.

"पण दाबलं नाहीस ना?"

"नाही."

"मंग आता नीट कर," त्या म्हणाल्या, आणि स्टूल त्याच्या आणखी जवळ ओढून बसल्या.

सुगतनं जुन्या डिस्कची वायर काढली. नुसती वायर काढून त्याचं भागलं नाही. त्यानं डिस्कच बाहेर काढली, तिच्यावर पेनानं 'आवाज' असं लिहिलं आणि दोन्ही हातांनी नेऊन पंचफुलाबाईंच्या ओंजळीत ठेवली.

"हे धरून बसा, मावशी. मी मागेपर्यंत देऊ नका."

पुढचा तास-दीड तास तो एक शब्द बोलला नाही. आता स्क्रीनवर एकच ओळ होती. ती पुसली. सिस्टिम टाकली. मशीन दोनदा आपोआप बंद होऊन चालू झालं. मग त्यानं ते बंद केलं, हात पुढं केला आणि बाईंनी डिस्क दिली. ती लावताना त्यानं वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी पाहिली.

अडीच वाजता आवाज सापडले. एकाहत्तरच्या एकाहत्तर.

गयाबाईंच्या नावावर त्यानं क्लिक केलं. आधी खोकल्याची उबळ आली. मग बांगड्या वाजल्या. मग एक खणखणीत आवाज म्हणाला, "सुरू झालं का जी ते? का मी उगाच बोलून राहिली?"

पंचफुलाबाई हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि संपेपर्यंत काढला नाही. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."

सुगतनं पुन्हा लावलं. ते चालू असतानाच सगळ्या आवाजांची दुसरी प्रत करायला घातली.

चारच्या आधी तो अंगणात आला. भंते नळावर पाय धूत होते. त्यांचं होईपर्यंत सुगत बाजूला उभा राहिला, मग वाकून त्यांना वंदन केलं.

"भंते, कोणती वायर कुठं लागलीय, ते तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग बाई दाब म्हणाल्या तेव्हा मला थांबवलं का नाहीत?"

"थांबवणार होतो. तू आधी थांबलास."

आत कार्यक्रमाची माणसं जमायला लागली होती, सतरंज्या पसरल्या जात होत्या.

"चीवराचं मी तीनदा विचारलं तुम्हाला," तो म्हणाला. "आता नाही विचारणार. आज मला माझी लायकी कळली. मी चीवराच्या योग्यतेचा नाही, भंते. कधी होणारही नाही."

भंतेंनी पंच्यानं पाय कोरडे केले. पंचा झटकला, दोरीवर घातला, त्याची टोकं सारखी केली…

"कधी होणारही नाही, हे तरी नीट बघून सांगतोयस का?"